सही चालते तोवर: घरातल्या ज्येष्ठांचे कागद आणि सांभाळ, कोणत्या क्रमाने

मृत्युपत्र, नॉमिनेशन, मुखत्यारपत्र, विमा, आया, औषधं अशी यादी प्रत्येक घराला माहीत असते. अडतं ते क्रमावर. क्रम लावताना एकच प्रश्न विचारा: या कामाला आई-बाबांची स्वतःची सही आणि जागं भान लागतं का? लागत असेल तर ते काम आधी. वारस नोंद, फेरफार, दाखले ही कामं मुलांना नंतरही करता येतात. मृत्युपत्र, बँकेतली सूचना आणि उपचारांबद्दलची इच्छा मात्र त्यांच्याशिवाय कोणीही लिहू शकत नाही. पक्षाघाताचा झटका किंवा स्मृतिभ्रंश आला की ही दारं बंद होतात. म्हणून साठी-पासष्टीत, सगळं ठीक चाललेलं असतानाच बसा. तीन-चार रविवारांत बहुतेक काम उरकतं.

पहिला रविवार: नावं आणि सह्या

आधार, पॅन, बँक पासबुक, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सातबारा आणि पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ) एका टेबलावर मांडा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. सगळ्यांत जास्त घोळ आईच्या नावात सापडतो. पासबुकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, सातबाऱ्यावर नुसतंच ‘सुमनबाई’. वडिलांचं एकीकडे पूर्ण नाव, दुसरीकडे आद्याक्षरं. आज हा फरक एका अर्जाने, प्रतिज्ञापत्राने किंवा राजपत्रातल्या नावबदलाने मिटतो. त्या माणसामागे ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ हे वारसांना सिद्ध करावं लागतं, आणि त्यात महिने जातात.

मग सही. बँकेकडे नमुना आहे तो चाळीस वर्षांपूर्वीचा, भरभर ओढलेला आणि शेवटी शेपूट असलेला. आता हात कापतो, शेपूट वळत नाही आणि काउंटरवरून स्लिप परत येते. शाखेत जाऊन सहीचा नवा नमुना द्या. सही अजिबात होत नसेल तर अंगठाही चालतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ठसा ओळखायचा असतो, आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढच्या खातेदारांसाठी घरपोच सेवेचीही तरतूद आहे. शाखेत लेखी अर्ज द्या, नुसतं तोंडी विचारू नका.

दुसरा रविवार: बँक आणि नॉमिनेशन

खातं जोडनावावर आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नका. ते कोणत्या पद्धतीने चालतं ते पासबुकाच्या पहिल्या पानावर पाहा. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतं. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर पहिल्या नावाचा माणूस हयात असेपर्यंत दुसऱ्याला हात लावता येत नाही. म्हणजे बाबा अतिदक्षता विभागात आहेत, बिल भरायचं आहे, आईचं नाव खात्यावर आहे, आणि तरी आईची सही चालत नाही. ठेवीचं पाहा: एकाच्या निधनानंतर हयात खातेदाराला मुदतीआधी ठेव मोडता यावी, अशी संयुक्त लेखी सूचना बँकेत आधीच देऊन ठेवता येते. नसेल तर आजच द्या.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. ठेवींसाठी टक्केवारीने एकत्र किंवा एकामागून एक (पहिला वारला तर दुसरा) असे दोन्ही पर्याय आहेत. लॉकरला फक्त एकामागून एक. जुन्या खात्यांवर अनेकदा नॉमिनी म्हणून वारलेल्या आजीचं नाव असतं किंवा ती जागाच कोरी असते. फॉर्म भरल्यावर पोच घ्या आणि पासबुकात ‘नामनिर्देशन नोंदले’ असा शेरा मागून घ्या.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज फार खोल रुजलेला आहे आणि भावंडांमधली निम्मी भांडणं त्यातून उगवतात. सर्वसाधारणपणे नॉमिनीने पैसे किंवा शेअर ताब्यात घ्यायचे असतात ते वारसांच्या वतीने. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली विम्याच्या बाबतीत आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर-म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीपासून आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेवर त्यांचाच हक्क असतो. सोसायटीतही तेच तत्त्व लागू आहे. नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं, पण फ्लॅट त्याचा होत नाही. सोसायटीचा नामनिर्देशन अर्ज तीन प्रतींत द्यायचा, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. एक प्रत शिक्का मारून परत घ्यायची. आमचा आग्रह असा की, ज्याला ती गोष्ट मृत्युपत्राने द्यायची आहे त्यालाच नॉमिनी करा. कागद एकमेकांशी बोलले पाहिजेत.

मुखत्यारपत्रावर विसंबू नका

‘बाबांनी कुलमुखत्यारपत्र दिलंय, आता काळजी नाही,’ असं घरोघरी ऐकू येतं. मुखत्यारपत्र देणारा माणूस वारला की ते संपतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली तरी ते संपतं, हे ठाऊक नसतं. करार कायद्याच्या कलम २०१ मध्येच ते आहे. ज्या दिवशी खरी गरज पडणार, म्हणजे स्मृतिभ्रंश वाढल्यावर किंवा कोमात गेल्यावर, त्याच दिवशी तो कागद कायद्याने निकामी होतो. पाय मोडलाय, डोळ्यांना दिसत नाही, दूरच्या गावी जमीन आहे, अशा वेळी मुखत्यारपत्र उत्तम. बुद्धी शाबूत आणि शरीर थकलेलं, एवढ्याच काळासाठी ते आहे.

द्यायचंच असेल तर मोघम ‘सर्व अधिकार’ लिहू नका. कोणतं खातं, कोणतं कार्यालय, कोणता व्यवहार, कधीपर्यंत, हे लिहा. घर-जमीन विकण्याचे अधिकार दिलेत तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा. परदेशातल्या मुलाने पाठवलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित किंवा त्या देशाच्या सरकारने अपोस्टिल (इतर देशांत चालणारं प्रमाणीकरण) केलेलं असावं आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं. ही मुदत चुकते ती पाकीट कपाटात पडून राहिल्याने.

आणि क्षमता गेल्यावर काय? ज्येष्ठांच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याचा सोपा मार्ग आपल्याकडे नाही. कोमातल्या किंवा तीव्र स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी कुटुंबांना उच्च न्यायालयात घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने असे पालक नेमले आहेत, पण वैद्यकीय तपासणी, अहवाल, वकील हे सगळं आलंच. जोडखातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करून ठेवणं किती मोलाचं आहे, ते इथे कळतं.

तिसरा रविवार: मृत्युपत्र

आधी हे पाहा की मृत्युपत्र नसेल तर काय होतं. हिंदू पुरुषाच्या मागे त्याची स्वकष्टार्जित मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, अशा सगळ्यांत समान वाटली जाते. ‘माझ्यामागे सगळं हिचंच’ हे कायदा म्हणत नाही. राहतं घर एकट्या बाबांच्या नावावर असेल तर आई फक्त एक हिस्सेदार उरते. अपत्य नसलेल्या विधवेच्या बाबतीत तर आणखी अनपेक्षित घडतं. तिने स्वतः कमावलेलंही तिच्या आई-वडिलांआधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. अशा बाईने मृत्युपत्र केलंच पाहिजे, आणि हे तिला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. कोरा कागद पुरतो, हाताने लिहा किंवा टाइप करा. भाषा मात्र त्यांना वाचता येते तीच हवी. मराठी वाचणाऱ्या आजींच्या इंग्रजी मृत्युपत्रावर ‘तिला काय कळलं होतं?’ हा पहिला आक्षेप येतो. मजकुरात हे असावं:

- पूर्ण नाव, वय, पत्ता आणि ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य.
- प्रत्येक स्थावराचं ओळखीचं वर्णन: गट किंवा सीटीएस (शहर भूमापन) क्रमांक, फ्लॅट क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक.
- खात्यातली रक्कम लिहू नका, ती बदलते. बँक, शाखा आणि कोणाला किती हिस्सा एवढंच.
- ज्याला द्यायचं तो आधी वारला तर कोणाला, हे प्रत्येक वाट्यापुढे.
- ‘वर न लिहिलेली व पुढे मिळणारी मालमत्ता’ कोणाला. हे वाक्य राहिलं की उरलेल्या मालमत्तेची वाटणी पुन्हा वारसा कायद्याने.
- एखाद्या मुलाला कमी किंवा काहीच द्यायचं नसेल तर कारणाचं एक शांत वाक्य. राग नको, कारण पुरे.
- अंमल करणारा व्यवस्थापक, वयाने लहान आणि गावात राहणारा.

पत्नीसाठी दोन पर्याय असतात: घर पूर्ण मालकीने द्यायचं, की हयातीपुरता राहण्याचा हक्क देऊन पुढे मुलांना. दुसरा पर्याय निवडलात तर तिला घर विकता येणार नाही, आजारपणात गहाण टाकता येणार नाही. आम्ही पूर्ण मालकीच सुचवतो. तिचंही वेगळं मृत्युपत्र त्याच दिवशी करा. नवरा-बायकोचं एकत्र मृत्युपत्र करू नका, एकाच्या मागे दुसऱ्याला ते बदलता येतं का यावर वाद होतात.

वडिलोपार्जित शेतीत त्यांना फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. मुलींचा त्यात जन्मजात हक्क आहे, मृत्युपत्राने तो पुसला जात नाही. मुस्लिम कुटुंबात एक तृतीयांशपेक्षा जास्त किंवा एखाद्या वारसालाच झुकतं माप द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते. घर गोव्यात असेल तर महाराष्ट्राचं गणित तिथे लावू नका. तिथे सक्तीच्या वारसांसाठी अर्धा वाटा राखीव असतो आणि लग्नाने पती-पत्नीची मालमत्ता साधारणपणे सामाईक होते. तिथलाच जाणकार गाठा.

सहीचा दिवस नीट आखा. दोन साक्षीदार हवेत, आणि दोघांनीही मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं. साक्षीदार वयाने लहान असावेत, कारण वीस वर्षांनी कोर्टात तेच बोलणार. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना किंवा त्यांच्या बायकोला साक्षीदार करू नका. प्रत्येक पानावर खाली सही, शेवटच्या पानावर सही, तारीख आणि ठिकाण. खाडाखोड झाली तर पान नव्याने छापा, कारण साक्षीदारांच्या सह्यांशिवायची दुरुस्ती मोजली जात नाही. नेहमीच्या डॉक्टरांकडून त्याच दिवसाचं प्रमाणपत्र घ्या: मी यांना तपासलं, यांना वेळ, माणसं आणि स्वतःची मालमत्ता समजते. ‘प्रकृती ठीक’ असं मोघम प्रमाणपत्र उलटतपासणीत टिकत नाही.

स्मृतिभ्रंशाचं निदान नुकतंच झालेलं असेल तरी हातपाय गाळू नका. भान स्वच्छ असलेल्या काळात केलेलं मृत्युपत्र कायदा मानतो. अशा माणसांचं संध्याकाळी जास्त बिनसतं, म्हणून वेळ सकाळची ठेवा, चहा-नाश्ता झाल्यावर. ज्या मुलाला मोठा वाटा मिळणार आहे त्याने त्या खोलीत थांबू नये.

नोंदणी सक्तीची नाही, पण करा. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीचं शुल्क किरकोळ आहे. दोन्ही साक्षीदार आणि सगळ्यांची ओळखपत्रं घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी अधिकारी घरी किंवा दवाखान्यात येण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे, त्यासाठी वेगळा अर्ज आणि शुल्क लागतं. नोंदणी केलेलं मृत्युपत्रही करणारा माणूस हयात आणि सक्षम असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं.

घर आत्ताच मुलाच्या नावावर करायचं का?

नको. इतक्या थेट शब्दांत म्हणतोय कारण इथे झालेली चूक उलटवणं सर्वांत कठीण. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे (इतर अधिभार वेगळे), आणि हा स्वस्तपणाच मोहात पाडतो. बक्षीसपत्राची नोंदणी झाली की घर गेलं. मृत्युपत्राने तेच घर त्याच मुलाला मिळतं, फक्त शेवटच्या दिवसापर्यंत दाराची किल्ली आईच्या हातात राहते.

तरी द्यायचंच ठरलं तर बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा: घेणारा देणाऱ्याला हयातभर याच घरात राहू देईल, अन्न, कपडे, औषधोपचार आणि देखभाल पुरवेल, न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होईल. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्याच्या कलम २३ खाली असं बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला नेमकी हीच अट लागते. अट होती हे दाखवावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावून आईला घराचा ताबा परत देवविला. पण अट लिहिलेली असली की वादच आखूड होतो.

याच कायद्याखाली निर्वाहासाठीही अर्ज करता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे द्यायचा. वय ६० पूर्ण असल्याचा पुरावा, मुलांची नावं-पत्ते, महिन्याच्या औषध आणि घरखर्चाची पावत्यांसह मांडणी, स्वतःचं उत्पन्न एवढं जोडा. साठीची अट इतर ज्येष्ठांसाठी आहे, अर्जदार आई-वडील असतील तर ती नाही. कायद्यात निर्वाहाची मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल, फार तर ३० दिवसांची एकदा वाढ. निकालाआधी अंतरिम रक्कमही मागता येते. अपत्य नसलेल्यांना, ज्याला पुढे त्यांची मालमत्ता मिळणार आहे किंवा जो ती उपभोगतोय त्या नातेवाइकाविरुद्ध अर्ज करता येतो. कुठून सुरुवात करायची हे सुचत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

उपचारांची इच्छा

व्हेंटिलेटर लावायचा का, हा प्रश्न रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या मुलीला विचारला जातो. भाऊ परदेशातून फोनवर ‘सगळं करा’ म्हणतो, ती आईचे हात पाहत असते. हा भार आईच उतरवू शकते, आणि तोही आधी.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने उपचारांबद्दलचं असं पूर्व-वैद्यकीय इच्छापत्र मान्य झालं, आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याची रीत सोपी झाली. सज्ञान आणि सक्षम व्यक्तीने लिहायचं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. निर्णय सांगणारे विश्वासू एकापेक्षा जास्त नेमता येतात. एक स्थानिक, एक पर्यायी नेमा. ‘त्रास देऊ नका’ एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. बरं होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत व्हेंटिलेटर, छातीवर दाब देऊन हृदय सुरू करणं, डायलिसिस, नळीने अन्न, यांतलं काय हवं आणि काय नको ते एकेक लिहा. वेदना कमी करणारे उपचार चालूच राहावेत, हेही. हा कागद माणूस बोलू-ठरवू शकत असेपर्यंत लागू होत नाही. पुढेही रुग्णालयातली दोन वैद्यकीय मंडळं खात्री करतात, प्रत्येकीने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, नेमलेल्या व्यक्तींकडे आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या.

वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्यावर कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचं संरक्षण मिळतं. आधारवरचं वय धरलं जातं, म्हणून पहिल्या रविवारचं काम आठवा.

रोजचा सांभाळ

औषधांचा एक कागद करा: ब्रँडचं नाव, आतला घटक, मात्रा, वेळ, कोणत्या डॉक्टरने दिलं. घटकाचा रकाना सोडू नका. हृदयाचे डॉक्टर आणि मधुमेहाचे डॉक्टर एकच औषध दोन नावांनी लिहून देतात आणि दुप्पट डोस पोटात जातो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर लाल अक्षरांत. स्ट्रिप कातरताना तारखेची बाजू शेवटपर्यंत राखा.

ब्युरोकडून आया किंवा अटेंडंट घेताना बारा तासांची की चोवीस, सुट्टीला बदली कोण देणार, डायपर-आंघोळ-कपडे यांतलं काय तिच्याकडे, हे लिहून घ्या. ओळखपत्राची प्रत घ्या, पोलिस पडताळणी करा. एटीएमचा पिन तिला द्यायचा नाही, शेजाऱ्यालाही नाही. आणि तिच्या जेवणाची, झोपेची सोय नीट करा, कारण थकलेल्या माणसाच्या हातूनच आजी पडतात.

अंथरुणावर असलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदला. भिंतीवर वेळेचा तक्ता लावा: डावी, उताणी, उजवी. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज उजेडात पाहा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर बेडसोरची (सतत दाबाने होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्या जागी चोळायचं नाही. एअर मॅट्रेसने मदत होते, पण तिने कूस बदलण्यातून सुटका होत नाही. न्हाणीघरातले हँडल भिंतीत बोल्टने बसवा. चिकटणारे सक्शनचे हँडल ओल्या फरशीवर घसरणाऱ्या माणसाचं वजन पेलत नाहीत.

खर्च भावंडांत वाटताना एक वेगळं खातं आणि एक वही ठेवा. जी रोज उठून करते, तिच्या वेळेची नोंदही वहीत असू द्या. तिला महिन्यातून चार दिवस सुट्टी मिळेल अशी पाळी लावा.

त्यांच्यामागे पहिल्या महिन्यात

मृत्यूची नोंद २१ दिवसांत. दाखल्यावर नाव आधारप्रमाणेच आहे का ते खिडकीवरच वाचा, आणि दहा-बारा प्रती एकदम घ्या. त्यांच्या कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका, नंतर वारसांत संशय होतो आणि बँकेचेही प्रश्न येतात. मोबाइल नंबर मात्र लगेच बंद करू नका, ओटीपी त्यावरच येतात. शेतीसाठी वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्या. नॉमिनी आणि मृत्युपत्र दोन्ही नसेल आणि रक्कम मोठी असेल तर ठेवी-शेअरसाठी दिवाणी न्यायालयाकडून उत्तराधिकार प्रमाणपत्र काढावं लागू शकतं, आणि वारस कोण हे ठरवायला वारस दाखला, जो आपल्याकडे अजून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. दोन्ही वेगळे आहेत. कार्यालयाने नेमका कोणता मागितलाय ते लेखी घ्या, मगच वकिलाकडे जा.